दाजींचं लायरबर्ड

जगातला एकही आवाज आमच्या दाजींच्या तावडीतून सुटला नाही. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, शिराळ्याचे. फौजेतून हवालदार होऊन परतले ते डोक्यात एक पाखरू घेऊनच. आफ्रिकेतल्या लढाईत शेजारच्या तंबूतल्या ऑस्ट्रेलियन शिपायानं त्यांना लायरबर्ड नावाच्या तिकडच्या नकलाकार पाखराच्या नकला करून दाखवल्या आणि दाजी कामातून गेले. "आवं पाव्हणं, त्यो नर रानात मातीचा वटा करतो, पिसारा डोक्यावरनं पार फुडं वढतो, आन् धा-वीस पाखरांचं आवाज एका दमात काडतो. आपल्याकडं आखाडात बेंदूर, तवा तिकडं थंडी. त्योच त्येच्या गाण्याचा शिजन!" पाखरू मात्र दाजींनी जन्मात पाहिलेलं नाही.

लायरबर्ड निदान मादीसाठी गातो; दाजींना कुणीही चालायचं. एकदा स्टँडवर कंडक्टर चहाला उतरला असता त्यांनी तोंडानंच डबल घंटी मारली, आणि ड्रायव्हर बिचारा कंडक्टरशिवाय गाडी घेऊन गेला. सत्तर साली माझ्या लग्नात तर कहर केला. दुसऱ्या मंगलाष्टकाला भटजी श्वास घ्यायला थांबले, तोच गर्दीतून हुबेहूब त्यांच्याच गळ्याचं, शेवटच्या मंगलाष्टकाचं "सावधान!" आलं. अक्षता पडल्या, ताशा कडाडला, अंतरपाट सुटला आणि बायको हार घालून मोकळी झाली. उरलेली मंगलाष्टकं भटजी त्या गदारोळात दातओठ खात पुटपुटत राहिले. मी महिनाभर दाजींशी बोललो नाही. त्याचं आज फार वाईट वाटतं.

कारण चार वर्षांत त्यांचा घसा बसला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. एवढा फौजी गडी, पण ढसाढसा रडला. "त्या पाखराची पिल्लं म्हाताऱ्यांकडनं शिकत्यात वो. माज्याकडनं कोन शिकलं?" मी धीर द्यायला म्हणून कोंबडा आरवून दाखवला. तो ऐकून ते जास्तच रडले.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांची बायको, आमची अक्का, खाटेशी बसली होती. म्हणाली, "तीस वर्सं मला कवा आयच्या, कवा गवळ्याच्या आवाजात हाक मारलीसा. आत न्यायच्या आदी एकदा तुमच्या सोताच्या आवाजात मारा."

दाजींनी डोळे मिटले. मग एक घोगरा, लाजरा आवाज आला, "तारा."

"वा दाजी! हा कुणाचा?" मी गाढवानं हसत विचारलं.

अक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "त्यांचाच हाय," ती म्हणाली. "लगीन झालं तवा असाच लाजरा व्हता."

दाजींनी पुन्हा तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांना न्यायला माणसं आली. पुढं ते पाच वर्षं जगले, मुक्यानं. त्यांना काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं. शिराळ्याला गेलो की मी अजून अक्काची नजर चुकवतो. तीस वर्षांनी तिच्या वाट्याला तो आवाज एकदाच आला, आणि मी मध्ये तोंड घातलं.