आर्चबिशपच्या मानेवरचे केस

सचिव फादरांनी आर्चबिशपच्या गळ्याभोवती पांढरं कापड पसरलं, त्याची टोकं स्वतःच्या दोन्ही हातांत धरली आणि झोळी पसरल्यासारखे पलंगाशेजारी उभे राहिले.

"मामा, सांभाळून. एकही केस खाली पडता कामा नये."

न्हाव्याने कात्री उघडली आणि त्याला शिसारी आली. केसांची नाही, केसांत त्याचा जन्म गेला होता. कोंड्याचे, उवांचे, तापाने गळणारे, सगळे त्याने बोटांत धरले होते. शिसारी आली ती फादरांच्या नजरेची. उपाशी माणसाने वाढणाऱ्याच्या हाताकडे बघावं तसे ते कात्रीच्या पात्यांकडे बघत होते.

आर्चबिशप अंथरुणाला खिळल्यापासून त्या घरात हेच चाललं होतं. स्वयंपाकीण त्यांच्या कपात उरलेला चहा बाटलीत भरून घरी न्यायची. शुश्रूषेला असलेली सिस्टर घाम पुसलेले रुमाल न धुता घडी करून ठेवायची. पायाची नखंही कुणीतरी नेली होती. कुणी, ते विचारायची सोय नव्हती, कारण विचारणाऱ्यालाही ती हवीच असायची. पुढे चर्च यांना संत ठरवणार आणि मग यांच्या अंगावरचं सगळं पूजलं जाणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. माणूस अजून श्वास घेत होता आणि त्याची वाटणी सुरू झाली होती.

न्हाव्याचं दुकान त्या घरामागच्या गल्लीत. एक खुर्ची, पारा उडालेला आरसा, भिंतीला टेकवलेलं बाक. भाचा लहानपणी दुकानात बसून दिवसभर मामा मामा करायचा, तेच गिऱ्हाइकांनी उचललं. आर्चबिशप नवे आले तेव्हा त्यांनी मोठ्या सलूनचा माणूस नको म्हणून सांगितलं आणि मागच्या गल्लीतून यालाच बोलावलं. तेव्हापासून दर पंधरवड्याला मामा पिशवी घेऊन मागच्या दाराने आत जायचा.

लोकांनी आर्चबिशपना समोरून पाहिलं होतं. गवंड्याचा मुलगा शिकून एवढा मोठा झाला, पुरात होडीतून वस्तीवस्तीत फिरला, दवाखाना बांधला, बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकावर कामगारांबरोबर उन्हात बसला. हे सगळं खरं होतं. मामाने त्यांना मागून पाहिलं. मानेवरची गळवाची खूण, कानांतून डोकावणारे राठ केस, प्रवचनाच्या आदल्या दिवशी ताठ होणारे खांदे. रविवारी चुंबन घ्यायला शेकडो तोंडं त्यांच्या अंगठीला लागत. मग खुर्चीत बसले की ते हात पुढे करत, "हे बघ, सगळ्या गावाची थुंकी," म्हणत आणि अंगठी मामाच्या फडक्याला पुसत. दोघेही हसत. मामाला हा माणूस आवडायचा. सगळी अडचण तिथेच होती.

मामाच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा लवकर गेला. तिने मुलाला, याच भाच्याला, मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या रेक्टर फादरने एके दिवशी त्या पोराला असं मारलं की त्याचा डावा कान कायमचा गेला. मामा अक्काला घेऊन आर्चबिशपकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, "मी बघतो," म्हणाले. रेक्टर फादरची बदली झाली. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वसतिगृहात. पुढे तिथल्या पोरांच्याही गोष्टी कानावर आल्या आणि बदली पुन्हा झाली.

अक्काने याचा भलताच अर्थ लावला. एवढ्या मोठ्या माणसाने फादरला शिक्षा केली नाही, म्हणजे फादरचं चुकलं नसणार. "तूच काहीतरी केलं असशील," ती मुलाला म्हणाली, आणि त्यानंतर प्रत्येक भांडणात म्हणत राहिली. मुलगा मोठा झाला, टायरच्या दुकानात कामाला लागला आणि त्याने उत्तर द्यायचंच सोडलं. आई बोलायला लागली की तो डावी बाजू तिच्याकडे करायचा.

मामा मात्र आर्चबिशपकडे जात राहिला. बायको म्हणायची, "काही लाज?"

"केस कापायला जातो. पाया पडायला नाही."

पण हे अर्धंच खरं होतं. त्याला वाटायचं, हा माणूस एक दिवस आपणहून विषय काढेल. अक्काला बोलावून एवढंच सांगेल की बाई, तुझ्या पोराची चूक नव्हती. दुसऱ्या कुणाचंही ती ऐकणार नव्हती. आता तो दिवस यायचा तर घाई करायला हवी होती.

खाली फोन वाजला. सचिव फादर चुळबुळले. शेवटी त्यांनी कापडाची टोकं आर्चबिशपच्या छातीवर नीट जुळवून ठेवली, "हलवू नकोस हं," म्हणाले आणि गेले.

आर्चबिशपनी डोळे उघडले. "हे कुठे नेतात रे केस?"

"वाटतात, स्वामी. लोक लॉकेटमध्ये घालतात."

"लोक मागतात?" त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कोण कोण मागतं?"

मामाच्या लक्षात आलं की ते खूश झाले आहेत. तरी तो बोलला. "माझी बहीण मागते. पोराच्या कानाला लावायला. तुम्हाला आठवतो ना तो कान?"

आर्चबिशप छताकडे बघत राहिले. आठवत होतं, ते मानेवरून कळलं. मान ताठ झाली होती.

"स्वामी, तिला एकदा बोलवा. पोराची चूक नव्हती, एवढं एकच वाक्य. मी तिला हाताला धरून आणतो."

मग ते हळूच म्हणाले, "त्या फादरचा आवाज फार चांगला होता. त्याच्यासारखं गाणारा पुन्हा मिळाला नाही." आणि थोड्या वेळाने, प्रेमाने, "दे तिला केस. बरं वाटेल तिला."

मामाने कात्री पुसली, वस्तरा मिटला, पिशवी उचलली. डोक्याची एक बाजू कापायची राहिली होती. जिन्यात सचिव फादर भेटले.

"झालं?"

"झालं."

गल्लीच्या तोंडाशी त्याने नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. दुकानाच्या दारात टायरवाला उभा होता. "मामा, तुमचा भाचा दोन दिवस आला नाही. ताप आहे म्हणे."

मामा तसाच अक्काकडे गेला. भाचा भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोलीभर कुजका वास होता. डावा कान सुजून लाल झाला होता आणि त्यातून पिवळा पू मानेपर्यंत ओघळला होता.

"अक्का, हे काय केलंस?"

"काही नाही. तेल घातलं."

"नुसतं तेल?"

अक्काने पदर सावरला. "सिस्टरने दोन केस दिले होते. स्वामींचे. तू तर दिलेच नसतेस. म्हटलं, कानात राहिले तर गुण येईल."

मामाने शिवी गिळली. भाच्याला उजेडात बसवलं, पिशवीतून कान साफ करायचा बारीक चिमटा काढला, पाण्यात उकळून घेतला. आयुष्यभर त्याने लोकांच्या कानांतून मळ काढला होता, पण असा कान पाहिला नव्हता. भाच्याने दात आवळले. पहिला केस लवकर आला. दुसरा आत चिकटला होता. तो निघाला तेव्हा पांढरा, वळलेला, पुवात माखलेला होता. कुठून कापला होता तेही मामाला कळलं. मानेवरचा.

"आण इकडे," अक्का हात पुढे करून म्हणाली. "टाकू नकोस."

मामाने दोन्ही केस राखेच्या डब्यात झटकले. "मी आज त्याला विचारलं, अक्का. तुझ्या पोराबद्दल."

"त्याला? स्वामींना त्याला म्हणतोस?"

"तो म्हणाला, त्या फादरचा आवाज चांगला होता."

"आणि?"

"आणि काही नाही. तुला केस द्यायला सांगितले."

अक्का राखेच्या डब्याकडे बघत राहिली. तिने हात अजून मागे घेतला नव्हता. एकदा ती डब्याकडे वाकली, आता उचलणार असं वाटलं, पण हाताला पुवाचा वास आला असावा. तिने तो लुगड्याला पुसला. पुन्हा पुसला. मग उठली आणि मुलाच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. त्या बाजूला ती कधी बसायची नाही.

"कशाने मारलं होतं रे तुला?"

भाच्याने मामाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आता विचारतेस?"

"हो. आता."

"प्रार्थनेच्या पुस्तकाने," तो म्हणाला. "जाड होतं. गाताना माझा सूर चुकला होता."

"चल," मामा म्हणाला, "आधी दवाखाना." आणि त्याने भाच्याला काखेत हात घालून उभं केलं. अक्का चपला शोधायला लागली.