सुनेची कॉम्प्युटरमधली टाकी

आमची सून पुण्याची. नोकरी इथं कानडी मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीत. उन्हावर वीज करतात तिथं उष्णता साठवायला मोठाल्या टाक्या लागतात, त्या ही आधी कॉम्प्युटरमध्ये मांडून बघते. टाकी नाही, पाणी नाही, पगार मात्र खरा.

मी सातवी नापास. गरम पाणी वर राहतं, गार खाली, एवढं मला ठाऊक. तेच तिनं रंगीत चित्रं दाखवून मला अर्धा तास शिकवलं.

सरावाला तिनं राजाजीनगरच्या आमच्या गच्चीवरची सोलरची टाकी धरली. वर, मध्ये, खाली उष्णता मोजायच्या तारा चिकटवल्या. कोण कधी किती पाणी काढतं ते विचारलं. मी म्हटलं, "पहाटे पाचला. एक बादली."

सोमवारी तिला हे ऑफिसात मोठ्या साहेबांना दाखवायचं होतं, आणि जुळेना. उष्णतेची कॉम्प्युटरमधली रेघ वर, खऱ्या टाकीची खाली. रोज सकाळी तेच.

"कॉम्प्युटरला कधी अंघोळ घातलीस का? त्याला काय कळणार!"

"बाबा, तुमची टाकीच म्हातारी झालीय. उष्णता धरत नाही. तसंच लिहून टाकते."

"स्वल्प थांब गं," मी म्हटलं. टाकी ठणठणीत होती. खोटं मी बोललो होतो.

मी दोन बादल्या काढतो. बायकोचे गुडघे धरायचे, म्हणून तिची बादली मीच भरायचो. ती जाऊन आठ महिने झाले, पण हात ऐकत नाही. भरतो, तिच्या स्टुलाशेजारी ठेवतो, गार झालं की कढीपत्त्याला घालतो. हे काय सांगायचं कुणाला? म्हणतील, म्हातारा बिघडला. पण माझ्यापायी पोर चारचौघांत तोंडावर पडणार, हे काही बरं नव्हे. सांगून टाकलं.

तिनं लगेच खुर्ची ओढली, कॉम्प्युटरात एका बादलीच्या दोन केल्या. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

"सरी, बरं मग," मी म्हटलं, "उद्यापासून एकच काढतो."

"अजिबात नाही! आत्ता कुठं जुळलंय. आणि बाबा, सासूबाईंचं पाणी परत माझ्यापासून लपवलंत, तर तुमचंच बंद करीन."

सोमवारी तिचं काम पार पडलं. घरी येऊन तिनं तारा काढल्या. दुसरी बादली आता थांबवा, असं काही ती म्हणाली नाही. मीही विचारायला गेलो नाही.