डिलकोचा नट
परवा अंगणात पेट्रोल सांडलं आणि त्या वासासरशी मला पोलादपूर-महाड रस्त्यावरचा एक चढ आठवला. तेव्हा मी एका जुन्या पिकअपवर मेकॅनिक म्हणून जायचो; तिचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मी आदल्याच दिवशी लावलं होतं. मागे बाळंतपणात अडलेली बाई नि तिची सासू, महाडच्या दवाखान्यात न्यायची होती. चढावर इंजिन फटफटलं नि बंद पडलं. ड्रायव्हर म्हणाला, "टायमिंग बघ रे." मी म्हटलं, "माझ्या हातचं हाय, हलायचं नाय." कार्बोरेटर खोलला, प्लग पुसले. मग वेळेवर ठिणगी देणाऱ्या डिलकोला हात लागला, तर तो सैल फिरला. त्याचा नट आवळायचा मीच विसरलो होतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, नि ड्रायव्हर माझ्या हातांवर नजर ठेवून उभा. आत्ता नट आवळला तर त्याला कळणार, म्हणून मी पुसलेलेच प्लग पुसत राहिलो. मागे बाई विव्हळत होती. शेवटी सासूनं बाईच्या आडोशाला लुगडं आडवं धरलं नि ओरडली, "तोंडं फिरवा रे मेल्यांनो." ड्रायव्हर दरीकडे वळला तेवढ्यात मी डिलको जागेवर आणून नट आवळला. गाडी चालू झाली. "पेट्रोलात कचरा होता," मी म्हणालो. मुलगा दवाखान्यात सुखरूप झाला. तो आता साठीला आलाय. तुमच्यामुळे जन्मलो म्हणत भेटेल तिथे पाया पडतो, आणि मला पाय मागे घेता येत नाय.