दाजी बसत नाहीत

आमच्या दाजींची नोकरी त्यांच्या पायांनी घालवली, असं साऱ्या गोतावळ्यात मानलं जातं. ती माझ्या एका शब्दानं गेली, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही आणि अक्काला तर नाहीच. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान. पण आधी त्यांचे पाय सांगायला हवेत, कारण माझा शब्द झाकला गेला तो त्या पायांच्या ख्यातीखालीच.

तर, दाजींना नीट मांडी घालून बसलेलं पाहिलेला माणूस इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. स्वतःच्या लग्नात होमापुढं ते जेमतेम टेकले, आणि भटजींना पुढचा मंत्र आठवेपर्यंत उठून पंगतीत मीठ वाढायला गेले. "मी तितंच वळाकलं," अक्का सांगते, "ह्यो माणूस माझ्या घरात उभ्यानंच नांदणार." चहा ते चालता चालता पितात, त्यामुळं त्यांच्या घरी कप हौदाच्या कठड्यावर सापडतो आणि बशी मोटारसायकलच्या सीटवर. वरकुट्याच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांच्या खुर्चीवर कायम पाण्याचा माठ असायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "गुरुजी, तुमची खुर्ची कुठंय?" दाजी म्हणाले, "माठाला दिलीय सायेब. त्येला बसायला येळ हाय."

पण पायांना खरी वळवळ सुटायची ती गैरहजर पोरासाठी. प्रार्थना संपली की दाजी ओळींवरून नजर फिरवायचे आणि एखादं तोंड दिसलं नाही की वर्ग जोडीदार बाईंवर सोपवून मोटारसायकलला किक मारायचे. थोड्या वेळानं ते पोर पेट्रोलच्या टाकीवर बसून हजर. कधी एका पायात चप्पल, कधी तोंडात अर्धी भाकरी. एकदा एक मुलगी नुकतं जन्मलेलं करडू सोडून येईना, तर दाजींनी तिला करडासकट आणलं. बाई म्हणाल्या, "गुरुजी, हे काय?" दाजी म्हणाले, "असू द्या, पट तेवढाच वाढंल." करडानं दुपारपर्यंत भिंतीवरच्या नकाशाचा कोपरा खाल्ला. त्या शाळेत महाराष्ट्र अजून नागपूरच्या अलीकडंच संपतो.

असा माणूस मोबाईलनं खिळवला. खिचडीचा फोटो पाठवा, हात धुतल्याचा फोटो पाठवा, आज झाडं मोजा, उद्या घरं मोजा. दाजींच्या प्रत्येक फोटोत खिचडीपेक्षा त्यांचा अंगठा मोठा यायचा, म्हणून तो परत यायचा. रविवारी ते बारामतीला माझ्याकडं येत आणि गच्चीवर अशा येरझाऱ्या घालत, की शेजारचं कुत्रं भुंकून दमायचं.

"पावणं, काल मी वर्गात किती हुतो सांगू? हजेरीपुरता. पोरं म्हंत्यात, गुरुजी गेम खेळत्यात. मला नुसतं शिकवू द्या म्हणावं, बाकी काय नगं."

मी बारामतीत एका खासगी इंग्रजी शाळेत सुपरवायझर आहे. त्या वर्षी आमचे गणिताचे सर ऐन जूनमध्ये सोडून गेले होते आणि पालक माझ्या डोक्यावर बसले होते. मी म्हणालो, "दाजी, आमच्याकडं या. आमच्याकडं फक्त शिकवायचं असतं." हे वाक्य अर्धं खरं होतं, आणि कुठलं अर्धं ते मला माहीत होतं. दाजींनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला. अक्काच्या मनात नव्हतं. "सरकारी शाळंचं दार माणूस भाईर पडला की आतनं कडी लावतंय," ती म्हणाली. "मागनं वाजवून उपेग न्हाय." दाजी अंगणात फिरतच बोलले, "माघारी कशाला येतोय मी? तितं दिसभर वर्ग हाय म्हंत्यात."

आमच्या शाळेत टाय लागतो. दाजींचा टाय पहिल्या दिवशी मी बांधला, तो त्यांनी पुन्हा कधी सोडला नाही. संध्याकाळी फास सैल करून डोक्यावरून काढायचा, खुंटीला अडकवायचा, सकाळी परत डोकं घालायचं. "बैलाला दावं असतंय ना, तसं," म्हणायचे. वर्गात कॅमेरा होता आणि त्याचं तोंड शिक्षकाच्या खुर्चीकडं. प्राचार्या मॅडम ऑफिसातल्या पडद्याकडं बघून मला म्हणाल्या, "सर, सहावीत खुर्चीच शिकवतेय असं दिसतंय." मधूनच पडद्यावरून दाजींचा खांदा जायचा, कधी नुसता टाय. पण दिवाळीपर्यंत त्या वर्गाला अपूर्णांक येऊ लागले, आणि पोरं घरी उभ्यानं जेवतात अशी तक्रारही.

एकच गोष्ट त्यांना पचेना. आमच्याकडं मूल आलं नाही की पालकांना आपोआप मेसेज जातो. दाजी विचारायचे, "मेसेज गेला ठीक हाय. पोरगं कुठं हाय?" त्याचं उत्तर शाळेत कुणाकडंच नसायचं. सहावीतली एक मुलगी बरेच दिवस आली नव्हती. फोन लागत नव्हता, परीक्षा तोंडावर, आणि जाब मलाच द्यायचा होता. जिन्यात दाजी भेटले. मी घाईत होतो. म्हणालो, "दाजी, तुम्हीच जरा तिच्या घरी बघून या."

त्यांना एवढंच पुरे होतं. वाळीत टाकलेल्या माणसाला पंगतीला बोलवावं तसा त्यांचा चेहरा झाला. ते टाय उडवत गेले. मुलीच्या सोसायटीत वॉचमननं नाव लिहायला लावलं, आणि 'कशासाठी' या रकान्यात दाजींनी वरकुट्याच्या सवयीनं ठळक अक्षरांत लिहिलं : पोरगी न्यायला आलोय.

वॉचमननं मुलीच्या आईला फोन केला. आई डॉक्टर. दवाखान्यातले पेशंट तसेच टाकून बाई धावत आल्या, तर फाटकापाशी दाजी उभे, शेजारी त्यांची मुलगी, आणि वॉचमनच्या डब्यातल्या भाकरीचे आठ तुकडे करून छेद आणि अंश चाललेले. मुलगी रोज दप्तर घेऊन निघायची आणि आई गेली की माघारी यायची, हेही तिथंच बाहेर पडलं. मेसेज जात होते ते बंद पडलेल्या नंबरवर. बाईंचा घाबरा जीव खोटा नव्हता. तो रकाना वाचून कुणाचंही काळीज हललं असतं. पण भीती ओसरल्यावर लाज उरली, आणि लाजेची तक्रार झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅडम, त्या डॉक्टरबाई, मी आणि दाजी. आम्ही बसलेले, दाजी उभे. मॅडम म्हणाल्या, "कुणाच्या परवानगीनं गेला होतात?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पेनाचं टोपण काढत होतो, घालत होतो. मला वाटलं, आता माझं नाव येणार. दाजी म्हणाले, "परवानगी कुठली मॅडम. खोड हाय माझी. बत्तीस गावं फिरलेली ढोरं दाव्याला राहत न्हाईत."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

महिनाअखेर दाजींना मोकळं केलं. जाताना ते माझ्या दारात आले, टाय हातात दिला आणि म्हणाले, "गाठ तुमचीच हाय, तुमीच सोडा." मी सोडलेली नाही. तो तसाच माझ्या कपाटात आहे.

अक्का अजून त्यांनाच बोलते. "चांगला वर्ग मिळाला हुता भावाच्या शाळंत. ह्यांच्या पायांनी खाल्ला." दाजी ते ऐकून घेतात आणि अंगणात निघून जातात. मी तिथंच बसलेला असतो.

परवा इंदापूरहून भिगवणला निघालो होतो. डाळजपाशी एका खासगी शाळेची पिवळी बस उभी दिसली आणि तिच्या पायरीवर, दांडीला धरून, दाजी. त्या शाळेनं त्यांना बसवर ठेवलंय, पोरं सांभाळायला. आतून सतराचा पाढा चालला होता. एक जागा रिकामी, म्हणून दाजी उतरून एका घरात शिरले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. एक मोजा घातलेलं पोर काखेत मारून ते बाहेर आले आणि मला पाहून हसले.

"बघा पावणं, हितं गाडीच दारात जाती."

"आणि वर्ग?" मी विचारलं.

"वर्ग न्हाय. शाळा येईपातूर पाढं तेवढं." त्यांनी पोराला वर चढवलं. क्षणभर त्यांचे पाय थांबले.

मी म्हणालो, "दाजी, त्या दिवशी मी—"

"चला, पोरं खोळंबल्यात," ते म्हणाले आणि पायरीवर चढले. बस निघाली. सतरा साते मला रस्त्यावर ऐकू आलं, पुढचं ट्रकच्या आवाजात बुडालं.

मी दाजींचं एक वाक्य देणं लागतो. 'मीच त्यांना पाठवलं होतं.' ते मॅडमना सांगायचं आहे आणि अक्काला सांगायचं आहे, दाजींच्या समोर. अजून सांगितलेलं नाही.