चौकोनकाकांचा तक्ता

रुग्णालयाच्या भांडारात दोनच टेबलं. एक माझं, एक चौकोनकाकांचं. हे नाव मीच ठेवलं, आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

कॉम्प्युटर आले तेव्हा आम्हाला तीन दिवस शिकवणी होती. पहिल्या दिवशी पत्रं लिहायचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या दिवशी तक्त्यांचं, तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये भिंतीवर चित्रं दाखवायचं. पहिल्या दिवशी काकांची दाढ दुखत होती. तिसऱ्या दिवशी वीज नव्हती. तेव्हापासून हा माणूस सगळं तक्त्यात करतो. बँडेजचा साठा तक्त्यात, ठीक आहे, तो तिथेच हवा. पण रजेचा अर्जही तक्त्यात. एका चौकोनात "महोदय", त्याखालच्या चौकोनात "पोट बिघडल्यामुळे". साहेबांनी ओरडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आता साहेबही मुकाट्याने चौकोनात सही करतात.

या खोडीपायी काकांनी बहीण गमावली. आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी कोण कधी बसणार, याचा त्यांनी तक्ता केला. धाकटी बहीण दोन दिवस आली नाही, तिच्या मुलाला ताप होता. काकांनी तिचे दोन चौकोन लाल केले, त्यांत "गैरहजर" लिहिलं आणि तक्ता सगळ्या नातेवाइकांना ईमेल केला. तिसऱ्या दिवशी आई गेली. त्यानंतर सहा वर्षं बहीण बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते, आणि हे मी काकांना तोंडावर सांगितलं आहे.

गेल्या महिन्यात काका म्हणाले, "तिला पत्र लिहितोय. रविवारी जेवायला बोलावतो."

"पत्राचं सॉफ्टवेअर मी शिकवते. दहा मिनिटांचं काम आहे."

"नको. त्यावर माझा हात बसलेला नाही."

लिहिलं अर्थातच तक्त्यात, एका चौकोनात एक वाक्य. "तू गैरहजर नव्हतीस." "मी गाढवपणा केला." "रविवारी जेवायला येशील?"

आठ दिवस उत्तर नाही. काका दर दहा मिनिटांनी ईमेल उघडायचे आणि मधल्या वेळात कीबोर्ड पुसायचे. नवव्या दिवशी तीच फाइल परत आली. बहिणीने शेजारच्या चौकोनांत उत्तरं लिहिली होती. "तू गैरहजर नव्हतीस" याच्यापुढे, "हे सुचायला सहा वर्षं लागली?" गाढवपणापुढे, "मान्य." रविवारच्या प्रश्नापुढचा चौकोन मात्र रिकामा.

काकांनी चष्मा काढून ठेवला. "येत नाही ती," ते म्हणाले.

मला एकदम भरून आलं, म्हणून मी खेकसले, "खाली बघा जरा! फाइलला दुसरं पान आहे."

दुसऱ्या पानावर नवा तक्ता होता. वार: रविवार. स्वयंपाक: दादा. भांडी: दादा. बसून खाणार: मी. गैरहजर: आई.

काकांनी माउस त्या शेवटच्या चौकोनावर नेला.

"याला रंग नको ना?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं.