विचित्र अटींचे स्कॉलरशिपकाका

स्कॉलरशिपकाकांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, "आपण झोपेत चालता का?" मी नाही म्हटलं. "डावखुऱ्या आहात?" तेही नाही. "घरात कोणी जुळं?" नाही. काकांनी चष्मा काढून माझ्याकडे खेदानं पाहिलं. "मग कठीण आहे. आपल्यात काहीच खोट दिसत नाही."

मी वाशिमहून पुण्यात शिकायला आले होते आणि कर्वेनगरात त्यांच्याच इमारतीत आम्ही तिघीजणी एका खोलीत राहत होतो. भूजलाच्या पुढच्या अभ्यासासाठी मला नेदरलँड्सला प्रवेश मिळाला होता, पण शिष्यवृत्तीशिवाय जाणं शक्य नव्हतं. विमा कंपनीतून निवृत्त झालेले हे काका मुलांना शिष्यवृत्त्या शोधून देतात, असं कळलं म्हणून त्यांच्याकडे गेले. मार्क किती, हे त्यांनी विचारलंच नाही. "हुशारांच्या शिष्यवृत्तीला हुशारांची रांग असते. आपण रांग नसेल तिथे जायचं." परदेशात कोणी विक्षिप्त धनिक मरताना विचित्र अटींची शिष्यवृत्ती ठेवून जातो आणि तिच्याकडे कोणी फिरकत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

तिसऱ्या मजल्यावरच्या निखिलसाठी त्यांनी उंच माणसांच्या संघटनेची शिष्यवृत्ती शोधली होती. निखिल बोटभर कमी पडत होता. काकांनी त्याला रोज सकाळी सोसायटीच्या झोपाळ्याच्या दांडीला लटकायला लावलं. उंची वाढली नाही, खांदा मात्र निखळला. काका दवाखान्यात त्याला बघायला गेले ते हाडांच्या रुग्णांसाठीची शिष्यवृत्ती शोधूनच. ती त्याला मिळाली.

"मला बघायला आले तेव्हा यांनी विचारलं होतं, पोहता येतं का," काकू चहा देताना म्हणायच्या. "अजून कारण कळलेलं नाही."

एकदा काकांनी मला जिन्यातच अडवलं. "पारवे, आपण पक्षी आहात. बोलला नाहीत." माझ्या आडनावाकडे मी तोवर असं पाहिलंच नव्हतं. कोणा डच पक्षिप्रेमी बाईंनी पक्ष्याचं आडनाव असलेल्या विद्यार्थ्यांसाठी पैसे ठेवले होते. व्हिडिओवरची मुलाखत काकांच्या हॉलमध्ये झाली. भूजलावरचे प्रश्न संपले आणि एका वृद्ध परीक्षकांनी, तुमचा पक्षी बोलतो कसा ते ऐकवाल का, असं अदबीनं विचारलं. मी कॅमेऱ्यापलीकडे पाहिलं. काका छाती फुगवून, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं मान पुढेमागे करत होते. मी घुमले. खिडकीबाहेर एसीच्या खोक्यावर बसलेल्या पारव्यांच्या जोडीनं उत्तर दिलं. परीक्षकांनी डोळे पुसले.

निघायच्या आदल्या दिवशी काकांची मुलगी, मृणालताई, बॅग भरायला आली. ती हिंजवडीत नोकरी करायची आणि काका-काकूंजवळच राहायची. स्वेटर घड्या करून ठेवता ठेवता म्हणाली, "मलाही तुझ्या वयात प्रवेश मिळाला होता. कुठूनच काही जमलं नाही. बाबा तेव्हापासून शोधतायत. मी त्यांना थांबा म्हटलं नाही."

"तुला आता जावंसं वाटतं?"

"हे मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढू लागली.

मी तिकडे रुळले, शिक्षण संपून नोकरीलाही लागले. मग एका दुपारी काकांचा फोन आला. "मृणालचं जमलं. तुमच्या तिकडचीच शिष्यवृत्ती." अट अशी होती: आईवडिलांना सांभाळता सांभाळता चाळिशी ओलांडलेली मुलगी हवी, आणि ते आईवडील सांभाळायला खरोखर अवघड आहेत, याची खात्री परीक्षक स्वतः करून घेणार. काकू मुलाखतीत शांतपणे, पुष्कळ बोलल्या. सगळं काकांबद्दल. मग परीक्षकांनी काकांना विचारलं, हे तुम्हाला मान्य आहे का?

"मी म्हटलं, नाही. हिचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे बरंच राहून गेलंय. उरलेलं मी सांगितलं."

परीक्षकांनी तिथल्या तिथे होकार दिला होता.

"अभिनंदन, काका," मी म्हटलं. मग इतक्या मुलांना परदेशी धाडणाऱ्या त्या माणसानं, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, विचारलं, "पारवे, तिकडे थंडी फार असते का हो?"