आप्पांचं छप्पन सालचं भाषण

मी निघालो तेव्हा इचलकरंजीच्या स्टँडवर मला पोचवायला नातेवाइकांपेक्षा कॉम्रेड जास्त आले होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मभर लाल बावट्याचे. यंत्रमाग कामगारांची युनियन त्यांनीच सांभाळलेली. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायला इंग्लंडला चालला होता. "काय कॉम्रेड, पोरगं शत्रूच्या गोटात चाललं की!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. आप्पाही हसले. गाडी हलताना मात्र खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथं संप झाला तर कामावर जायचं नाही. बाकी काय करायचं ते कर."

रीडिंग शहरातल्या माझ्या ऑफिसात कधी संप झालाच नाही. त्यांचा शब्द मोडायची वेळ आली नाही आणि पाळायचीही नाही.

तुमच्यापैकी जे मागे इचलकरंजीतच राहिलात त्यांना आमचं घर आठवत असेल. भिंतीवर देवाची तसबीर नव्हती, जगाचा नकाशा होता. त्यात जगाचे दोनच भाग: अमेरिकेचा आणि 'आपला'. रशियातून येणाऱ्या मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं माझ्या वह्यांना असायची. गणितावर ट्रॅक्टर, भूगोलावर गव्हाच्या शेतात हसणाऱ्या मुली. प्राग, बुडापेस्ट ही नावं मला सांगली-मिरजेइतकी जवळची वाटायची. पुढे रशियासकट ते सगळं कोसळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. आप्पांना काय वाटलं ते मी विचारलं नाही. माझ्या मनात कॅम्पस इंटरव्ह्यू होते.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. सांगितलं होतं थोडे महिने, मनात होतं कायमचं. मी आणि माझी बायको स्मिता सकाळी बाहेर पडायचो, ते दिवसभर रेडिएटरला पाठ लावून बसायचे. इथली लायब्ररी, फुकटचा डॉक्टर, कौन्सिलच्या कचऱ्याच्या वेगवेगळ्या पेट्या, सगळं त्यांना आवडायचं. "मग तुमची भांडवलशाही ठेवलीय कुठं?" असं ते स्मिताला विचारायचे. पण बोलायला त्यांना कोणी नव्हतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

दोन घरं सोडून लास्लो नावाचे गृहस्थ एकटे राहायचे. आप्पांच्याच वयाचे, हंगेरीचे. हंगेरीचे हे कळलं आणि मला इतका आनंद झाला! आप्पांना 'आपल्या' भागातला माणूस मिळाला, असंच मी धरून चाललो. ते तिथून का निघाले असतील, हा प्रश्न स्वतः देश सोडून आलेल्या मला पडला नाही. मी त्यांना रविवारी चहाला बोलावलं.

स्मिताने पोहे केले. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि इंग्रजी वाक्यं घोकून ठेवली होती. "युअर कंट्री, स्कूल फ्री? हॉस्पिटल फ्री?" त्यांनी उत्साहाने विचारलं.

"हो, फ्री," लास्लो म्हणाले. "माझ्या भावाला अशाच एका हॉस्पिटलात नेलं. छप्पन साली. रशियन रणगाडे आले तेव्हा त्याला गोळी लागली होती. परत आला नाही. मग मी सरहद्द ओलांडली."

आप्पांनी हातातली बशी खाली ठेवली. मला म्हणाले, "त्यांना सांग. त्या साली मी आपल्या गावच्या चौकात सभेत बोललो होतो. म्हणालो होतो, रणगाडे पाठवले ते बरोबर केलं. सगळं सांग."

मी लास्लोंना सांगितलं, "ते म्हणतात, तेव्हा भारतात लोकांना खरी माहिती मिळत नव्हती."

"मी असं म्हणालो नाही," आप्पा म्हणाले. त्यांना तेवढं इंग्रजी कळत होतं. ते लास्लोंकडे वळले आणि स्वतःच बोलले, "आय सेड, टँक इज राइट. आय डिड नॉट नो." मग मान हलवली. "नो. आय डिड नॉट आस्क."

"ऐकायला माणसं होती?" लास्लोंनी विचारलं.

"मेनी."

"टाळ्या वाजल्या?"

"येस."

लास्लो उठले, स्मिताला थँक यू म्हणाले आणि गेले.

मी आप्पांवर चिडलो. "काय गरज होती? त्यांना कुठे माहीत होतं?"

"मला माहीत होतं की."

पुढे बरेच दिवस आप्पा खिडकीत बसून असायचे. लास्लो रस्त्याने जायचे, वर बघायचे नाहीत. मग एका सकाळी बेल वाजली. दारात लास्लो. "कॉम्रेड, कोट घाला. बाहेर थंडी आहे." 'कॉम्रेड' हा शब्द ते थुंकल्यासारखा उच्चारायचे. आप्पा निमूट कोट घालून निघाले. त्यानंतर दोघं रोज कॅनॉलच्या काठाने फिरायला जाऊ लागले. भांडत जायचे, भांडत यायचे. "रणगाडे चूक, मान्य," आप्पा मला सांगायचे, "पण मजुराने पगार मागणं चूक, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. तसं बजावलंय त्यांना."

"त्यांनी तुम्हाला माफ केलं का?" मी एकदा विचारलं.

"त्यांनी का करावं? माफ करायचं तर भावाने. तो नाही आता."

मला वाटलं, जमलं. मी म्हणालो, "आप्पा, आता इथंच राहा. सोबतही मिळाली."

"सभा तिकडं झाली होती," आप्पा म्हणाले. "त्यातली तीन-चार डोकी अजून आहेत. मी चुकलो हे त्यांना सांगायला पाहिजे."

मी विनवण्या केल्या, चिडलो, एकटेपणाची भीती घातली. ते इचलकरंजीला परत गेले.

कामगार दिनाला, एक मे रोजी, झेंडा लावून झाल्यावर युनियनच्या ऑफिसात ते उभे राहिले आणि बोलले. फोनवर त्यांनी सगळं सांगितलं. एक जुने कॉम्रेड उठून निघून गेले, ते अजून बोलत नाहीत. दुसरे म्हणाले, "आप्पा, तू काय बोललास ते तेव्हाही कळलं नव्हतं रे. आवाज खणखणीत होता, म्हणून वाजवल्या टाळ्या." हे सांगताना आप्पा हसत होते.

मी तर इकडे शपथ घेऊन पासपोर्ट बदलला. शेजाऱ्यांशी हवेबद्दल बोलतो, ऑफिसात कामाबद्दल. तिकडे आलो की तुमच्याशी जागेच्या दरांबद्दल, फ्लॅटबद्दल. कुठल्याच गावात मी असं काही बोललेलो नाही, जे मागे घ्यायला मला परत जावं लागेल. तुमच्यापैकी माझ्यासारखे जे निघून आलात, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

त्या फोननंतर मी लास्लोंकडे गेलो. आप्पा तिकडे काय बोलले ते सांगितलं, निघून गेलेल्या कॉम्रेडांचंही सांगितलं. ऐकून घेऊन ते म्हणाले, "तुझ्या वडलांचं कळलं. आणि तुला काय वाटतं?"

मी दाराच्या कडीवर हात ठेवला होता. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, ना इथं, ना तिथं. मी कोट काढला आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसलो. घर कशाला म्हणायचं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण त्या खुर्चीवरून उत्तर दिल्याशिवाय उठता येणार नव्हतं.